हवेच्या डोंग्यावर गरीचं सामान: प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर

धान कापून झालं, चुरणं बाकी. बोट अंगणात फुगवली आणि मापं घेतली. लांबी २७० सेंमी, रुंदी १३६. दोन्ही बाजूंच्या नळ्यांचा व्यास ३८, म्हणजे मधे बसायला ६० सेंमी उरतात. कापड पीव्हीसीचं, आत पॉलिएस्टरचं विणकाम, जाडी ०.९ मिमी. हवेचे तीन कप्पे, तळाला लाकडी पट्ट्या, दोन वल्ही.

बोट जशी आली तशी ती फक्त माणूस वाहून नेते. गरी, म्हणजे गळ, टाकून बसायचं तर दोन रॉड हात सोडून उभे राहायला हवेत. शिवाय गऱ्यांचा डबा, हातजाळं, नांगर आणि जमलं तर मासे दाखवणारं यंत्र. लाकडी डोंग्यात दोन खिळे ठोकले की भागतं. इथे खिळ्यापासूनच बोट वाचवायची आहे. म्हणून वहीत पहिला नियम: बोटीला भोक पाडायचं नाही. दुसरा: बसवलेलं सगळं हातानं, पाना न लावता, काढता आलं पाहिजे. मासेमारी झाली की बोट घडी होऊन माळ्यावर जाणार. धानाच्या घरात उंदीर असतातच, आणि त्यांना पीव्हीसीचं वावडं नाही.

११ नोव्हेंबर

मासेमारांच्या सहकारी संस्थेत जाऊन बोलून आलो. हे आधी, कातर-फेविकॉल नंतर.

आमचा तलाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, संपली आणि हे तलाव सरकारकडे आले. भंडारा-गोंदियात असे तलाव गावोगाव आहेत. पाणी धानाला जातं, मासेमारीचा ठेका ढिवर समाजाच्या सहकारी संस्थेकडे असतो. बीज त्यांनी सोडलेलं, राखण त्यांची. माझी बोट माझी असली तरी मासोळी त्यांची. ठरलं असं: जाळं नाही, फक्त गरी, मिळालेली मासोळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, वजन करून संस्थेच्या भावानं पैसे द्यायचे, शिंगाडा लावलेल्या भागात शिरायचं नाही. रास्त आहे. नवेगावबांधचा तलाव जवळ असला तरी तो राष्ट्रीय उद्यानात येतो, तिकडे गरी घेऊन जायचा विषयच नाही.

संस्थेतले जुने काकाजी संध्याकाळी बोट बघायला आले. नळी अंगठ्यानं दाबून पाहिली.

"ट्रकच्या ट्यूबवर बसून आमी जाळं लावत आलो. हे त तिची मोठी बहीण हाये. पन शिंगाड्याचा काटा लागला त का करशीन गा?"

"तीन कप्पे आहेत जी. एक बसला तर दोन राहतात."

"मंग ठीक. पोहता येते का, ते सांग."

येतं म्हटलं. तरी लाइफ जॅकेट यादीत सगळ्यात वर लिहिलं.

१३ नोव्हेंबर

आज हिशेब. काही कापण्याआधी हा कागदावर झाला पाहिजे होता.

रॉड २.१ मीटरचा. मासोळी ओढते तेव्हा तो वाकतो, म्हणून पूर्ण लांबी न धरता तरफ दीड मीटर धरली. रिळाचा ड्रॅग, म्हणजे जोर वाढला की दोरी सुटू देणारी पकड, २ किलोवर सुटेल असा लावणार. रॉड ज्या पाइपात उभा राहणार तो २५ सेंमी लांब. २ गुणिले १५०, भागिले २५, म्हणजे १२. पाइपच्या तोंडाशी एका दिशेला आणि बुडाशी उलट दिशेला साधारण बारा-बारा किलोचा जोर येणार. दोन किलोच्या ओढीचे बारा होतात, आणि तेही एका हाताच्या पंज्याएवढ्या जागेत.

रॉड बसवायला तयार चिकटवायची बुडं मिळतात. गोल पीव्हीसीचं बूड नळीवर चिकटवायचं, त्यात रॉडचा पाइप अडकवायचा. हलक्या रॉडला आणि चांगल्या गोंदाला ती चालतात, वाईट नाहीत. पण वरचा बारा किलोचा जोर बुडावर आला की त्याची एक कड दाबली जाते आणि समोरची कड उचलली जाते. गोंदाची ताकद दोन तऱ्हेची असते. पट्टी पृष्ठाला समांतर ओढली तर चिकटलेला सगळा भाग एकदम भार घेतो. तीच पट्टी कडेपासून सोलल्यासारखी उचलली तर भार फक्त उचलल्या जाणाऱ्या रेषेवर येतो, आणि ती रेषा पुढे पुढे सरकत जाते. फुगलेल्या नळीचं कापड रॉडच्या प्रत्येक झटक्याला हलतं, म्हणजे सोलणं सतत चालू.

म्हणून ठरवलं: बोटीवर आडवी फळी टाकायची. रॉड, डबा, यंत्र, सगळं फळीवर. फळीला भोकं पाडा, स्क्रू ठोका, काही करा. फळी पट्ट्यांनी बोटीवर आवळायची, आणि पट्ट्या ज्या कड्यांत अडकतील तेवढ्याच कड्या बोटीला चिकटवायच्या. कडी नळीच्या बाहेरच्या अंगाला, पट्टा नळीला लपेटून वर येणारा. म्हणजे गोंदावर येणारी ओढ कायम पृष्ठाला समांतर. सोलायचा प्रसंगच येऊ द्यायचा नाही.

१८ नोव्हेंबर

नागपूरला जाऊन सामान आणलं. साकोलीहून बस मिळते, प्लायचा तुकडा घेऊन परत येताना कंडक्टरची समजूत घालावी लागते.

प्लाय १२ मिमी, आयएस ७१० शिक्क्याचा. साधा आयएस ३०३ चा प्लाय ओलसर जागेत चालतो, पण रोज पाण्यात जाऊन उन्हात वाळणाऱ्या फळीला ७१० च. कड्या चार, स्टेनलेसच्या, प्रत्येकीखाली दहा सेंमी व्यासाचं पीव्हीसीचं गोल बूड. गोंद दोन भागांचा पॉलियुरेथेन, सोबत कडक करणाऱ्या द्रवाची लहान बाटली. बोट हायपालॉनची, म्हणजे कृत्रिम रबराच्या कापडाची, असती तर गोंद वेगळा लागला असता. दुकानदारानं आधी कापड कोणतं ते विचारलं आणि मगच डबा काढला, त्यामुळे विश्वास बसला.

बुडांखाली आणि फळीखाली घासाच्या जागी लावायला ट्रकच्या ताडपत्रीचे तुकडे गावातच मिळाले. ताडपत्री दोन तऱ्हेची येते आणि दोन्ही दिसायला सारख्याच चमकतात. एक पीव्हीसीचा लेप दिलेली, दुसरी पॉलिथिनची, धानाच्या ढिगावर टाकतो ती. पॉलिथिनला हा गोंद धरतच नाही. ओळखायची रीत सोपी आहे: लहान तुकडा बादलीत बुडवून, हवेचे बुडबुडे झटकून सोडायचा. पीव्हीसी पाण्यापेक्षा जड, तळाला जातं. पॉलिथिन वर येतं. माझ्याकडच्या तीन तुकड्यांपैकी एकच तळाला गेला.

२१ नोव्हेंबर

बोटीला हात लावण्याआधी तुकड्यांवर चाचणी. ताडपत्रीच्या अडीच सेंमी रुंद पट्ट्या कापल्या, पाच-पाच सेंमी एकमेकांवर चिकटवल्या. तीन प्रकार: सायकल पंक्चरचं सोल्युशन, पाइप जोडायचं सॉल्व्हंट, आणि नागपूरचा गोंद.

पुतण्याला सगळ्यात आवडलं ते विटा टांगणं. प्रत्येक जोडाला तारेनं वीट टांगायची, आधी सरळ ओढीत, मग सोलण्याच्या दिशेनं.

सायकल सोल्युशनचा जोड पहिल्याच विटेला सोलत गेला. ते रबरासाठी बनवलेलं आहे, रबरावर उत्तम. पीव्हीसीवर नुसतं चिकटून बसतं. पाइपच्या सॉल्व्हंटनं पट्टी लगेच धरली, पण दुसऱ्या दिवशी ती जागा ताठ झाली आणि वाकवल्यावर कडेनं चीर गेली. ते कडक पाइपसाठी आहे, मऊ कापड वितळवून आकसवतं. बोटीच्या जवळही आणू नये. तिसरा जोड सरळ ओढीत विटांनी भरलेली बादली धरून राहिला. सोलण्याच्या दिशेनं मात्र तोही तेवढ्या वजनाला टिकला नाही, सावकाश उघडत गेला. तेराव्या तारखेला कागदावर लिहिलेलं आता गोठ्याच्या आडव्या बल्लीला लटकलेलं पाहिलं.

२४ नोव्हेंबर

कड्या चिकटवल्या. सकाळी दव फार, धुकं नऊपर्यंत. दुपारी एकपर्यंत थांबलो. गोंद कडक करणारा द्रव हवेतल्या ओलाव्याशीही लढतो. ओल जास्त असली की तो तिथेच खर्ची पडतो आणि जोड कच्चा राहतो. म्हणून हे काम पावसाळ्यात करूच नये. आमच्याकडे दिवाळीनंतरची कोरडी दुपार याला उत्तम.

बोट कडक फुगवून जागा आखल्या, मग हवा कमी करून सपाट केली. कड्यांची जागा: फळीच्या दोन्ही टोकांना एक पुढे तीस सेंमीवर, एक मागे तीस सेंमीवर. म्हणजे प्रत्येक टोकाला पट्टे उलट्या व्ही सारखे खाली जातील आणि फळी पुढे-मागे सरकणार नाही.

क्रम असा ठेवला. बूड आणि नळी, दोन्ही जागा एमईके हा साफ करायचा द्रव लावलेल्या पांढऱ्या फडक्यानं पुसल्या. फडकं मळलं की बदललं. खिडक्या उघड्या, चूल बंद, पुतण्या बाहेर. पहिला हात पातळ, पूर्ण वाळू दिला. दुसरा हात पातळ, बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका वाळल्यावर केस वाळवायच्या यंत्रानं कोमट केला आणि बूड मधून कडेकडे दाबत बसवलं. लाटण्यानं, मधून बाहेर, जोर लावून. लाटणं आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही, नवीन आणून द्यायचं कबूल केलं आहे.

तीन दिवस हवा भरायची नाही. उरलेला मिसळलेला गोंद फेकून दिला, तो ठेवून उपयोग नसतो.

२८ नोव्हेंबर

फळी. १२० बाय २२ सेंमी, वजन सव्वादोन किलोच्या आसपास. नळ्यांच्या मध्यरेषा ९८ सेंमी अंतरावर, त्यामुळे फळी दोन्हीकडे अकरा सेंमी पुढे जाते, पण बोटीच्या कडेबाहेर येत नाही. कोपरे वाटीच्या मापानं गोल केले, कडा कानशीनं मारल्या.

गोल नळीवर सपाट फळी एकाच रेषेत टेकते आणि डुलते. वाढईकडे जुन्या सागवानी चौकटीचे तुकडे पडले होते. १९ सेंमी त्रिज्येचा पुठ्ठ्याचा साचा करून दिला. त्यानं प्रत्येक टोकाला दोन, असे चार ठोकळे खालून अर्धगोल कोरून दिले. ठोकळे फळीला खालून, स्क्रू फळीच्या वरून नव्हे तर मधल्या मोकळ्या जागेकडून तिरपे, टोक कुठेही नळीकडे नाही. ठोकळ्यांना योगा मॅटचा तुकडा चिकटवला. सायकलची ट्यूब लावणार होतो, पण काळं रबर पीव्हीसीवर डाग पाडतं.

बोल्टांचा नियम: डोकी खाली, फळीत बुडवून सपाट, नट वर, नायलॉनवाले. खाली नुसती गुळगुळीत डोकी दिसली पाहिजेत.

प्लायच्या कडांना वॉर्निशचे तीन हात. पाणी प्लायमध्ये शिरतं ते कडेतूनच.

२ डिसेंबर

रॉडचे पाइप. दीड इंची, म्हणजे ४० मिमीचा पीव्हीसी पाइप, पंपाच्या कामातून उरलेला. २५ सेंमीचे दोन तुकडे. तोंड गॅसच्या आचेपासून दूर धरून फिरवत मऊ केलं आणि काचेच्या बाटलीचा बूड आत दाबून जरा रुंद केलं, म्हणजे रॉडची मूठ अडखळत नाही. एका बाजूला सहा सेंमी खोल, दीड सेंमी रुंद खाच कापली. रिळाचा दांडा तिच्यात बसतो आणि रॉड आपल्या आपण फिरत नाही.

पाइप सागवानी पाचरीवर, पाचरीचा कोन ३५ अंश, तोंड बाहेरच्या बाजूला. प्रत्येक पाइपला दोन यू-क्लॅम्प. एकच लावला असता तर पाइप त्याच्याभोवती फिरला असता. पाइप नळीच्या वर न ठेवता मधल्या मोकळ्या जागेच्या कडेला घेतले.

शिवाय प्रत्येक रॉडला दीड मीटरची दोरी, दुसरं टोक फळीला. मोठी मृगळ रॉड पाइपातून उपसून नेते, हे काकाजींनी पाहिलेलं आहे.

६ डिसेंबर

आठवडी बाजारात बॅगा शिवणाऱ्याकडे पट्टे शिवून घेतले. त्याच्याकडे नायलॉन आणि पॉलिएस्टर दोन्ही. नायलॉन पाणी पिऊन सैल पडतं, पॉलिएस्टर फारसं नाही. पॉलिएस्टर घेतलं, २५ मिमी रुंद, दाताच्या बकलाचं. सुती नवार स्वस्त होती, पण ती एका हंगामात कुजते.

१० डिसेंबर

फळी कुठे ठेवायची यावर आज दुपार गेली.

वल्ही मारताना माणूस मागे तोंड करून बसतो आणि हात गुडघ्यांच्या पुढे जातात. फळी तिकडे ठेवली तर वल्ह्याच्या मुठी तिच्यावर आपटतात. म्हणून फळी पाठीमागे, बोटीच्या नाकाकडे. वल्हवताना ती पाठीशी. नांगर टाकला की बसल्या जागी वळायचं आणि फळी समोर येते. वल्हवताना रॉड पाइपात ठेवायचे नाहीत, आडवे ठेवायचे, टोकं नाकाकडे. बाभळीच्या फांद्यांखालून जाताना उभे रॉड काय करतात ते सांगायला नको.

१४ डिसेंबर

पहिल्यांदा पाण्यात. गरी नाही, नुसती बोट, फळी आणि मी.

अंगणात अडीच वाजता पट्टे इतके आवळले होते की बोटानं वाजवले तर टणटण आवाज यायचा. पाण्यात गेल्यावर दहा मिनिटांत सैल. गळती नाही, तिन्ही कप्पे तपासले. कारण हवेचं तापमान. अंगणात हवा २८ अंशाला ०.२ बारपर्यंत भरली. तलावाचं पाणी २० अंश. बंद हवेचा एकूण दाब, म्हणजे बाहेरचा १ बार धरून १.२, तापमानाच्या (अंशांत २७३ मिळवून) प्रमाणात उतरतो: १.२ गुणिले २९३ भागिले ३०१, म्हणजे १.१७ च्या जरा खाली. बोटीतला जादा दाब ०.२ वरून ०.१७ वर आला. नळी जराशी आकसली, पट्टे लोंबले.

उलट बाजू जास्त धोक्याची. मार्चनंतर ३० अंशाला भरलेली बोट पाळीवर उन्हात ५० अंशाला तापली तर तोच ०.२ चा ०.२८ होतो, आणि गडद रंगाचं कापड त्याच्याही वर तापतं. वर फळी आवळलेली असली तर पट्टे कड्यांना ओढत राहतात.

म्हणून पद्धत ठरवली. पाळीवर हवा जरा कमी ठेवायची, पट्टे नुसते अडकवायचे. पाण्यात दहा मिनिटं थांबून पायपंपानं हवा पुरी करायची, मग पट्टे आवळायचे. बाहेर काढताना आधी पट्टे सैल, मग बोट पाण्याबाहेर, आणि सावली नसेल तर थोडी हवा सोडायची. हे कुणी घाईत विसरू नये म्हणून फळीवर रंगानं लिहिलं: पाणी, पंप, पट्टा.

१७ डिसेंबर

थंडी. धान विकायच्या रांगेत दिवस गेला.

२१ डिसेंबर

मासे दाखवणारं यंत्र. यावर माझं मत दोनदा बदललं.

वीज फवारणी पंपाच्या बॅटरीतून घेतली, १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास. यंत्र साधारण ०.३ अँपिअर ओढतं. बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही म्हटलं तरी बारा-तेरा तास मिळतात, एका दिवसाला भरपूर. बॅटरी झाकणाच्या डब्यात, तारेत ३ अँपिअरचा फ्यूज, डबा फळीवर.

आवाज सोडणारा भाग पाण्यात बुडवावाच लागतो. फायबरच्या बोटीत तो तळाला आतून चिकटवून चालतो, पण हवेच्या तळातून काम होत नाही, कारण मधल्या हवेच्या थरावरून लहरी परततात. म्हणून सरकत्या खिडकीच्या ॲल्युमिनिअम सेक्शनचा हात बनवला. वर फळीला फुलपाखरी नट, खाली टोकाला तो भाग, पाण्याच्या पातळीखाली वीतभर. नट फार आवळायचा नाही. देवधानात, म्हणजे पाण्यातल्या रानधानात, किंवा कमळाच्या देठांत अडकला तर हात मागे वळला पाहिजे, तुटता कामा नये.

यंत्र चाललं. पण आमचा तलाव पाळीजवळ जेमतेम तीन मीटर खोल. २०० किलोहर्ट्झवर लहरींचा शंकू साधारण २० अंशांचा असला तर तीन मीटरवर तळाचा एक मीटर व्यासाचाच गोल दिसतो. ८३ किलोहर्ट्झवर ६० अंशांच्या शंकूत साडेतीन मीटर. त्यात गवत, देठ, बुडबुडे. काकाजी बोटीत बसले होते, पडद्याकडे पाहून म्हणाले, "हे सारं त दिसतेच गा वरून." मग त्यांनी बांबू खाली टोचला आणि सांगितलं, इथे पाणी इतकं, खाली गाळ गुडघाभर, त्याच्याखाली मुरूम. गाळ किती हे माझं यंत्र सांगत नव्हतं. मृगळ तळाला चरते, रोहू मधल्या थरात, कटला वर; गरी कोणत्या खोलीला टांगायची ते ठरवायला बांबू पुरतो.

हात काढता येण्यासारखा ठेवला आहे. इटियाडोहसारख्या धरणाच्या खोल पाण्यात परवानगी मिळाली तर उपयोगी पडेल. इथे तो घरी.

२६ डिसेंबर

नांगर. बाजारात घडीचे चार नखांचे नांगर मिळतात. ते बोटीत पडले की नखं कापडाकडे. नको. वाळूची पोती दोन, चार-पाच किलोची, गोधडीच्या कापडात शिवलेली, दोरी तोंडाला.

दोरी फळीला बांधायची नाही. यावर कुणाशी वाद नको. नांगराची ओढ खाली आणि पुढे, फळी ती कड्यांवर नेईल, आणि वाऱ्याच्या झटक्यात पट्टा उसवला तर रॉडसकट सगळं जाईल. बोटीच्या नाकाला कारखान्यातूनच मोठी कडी आहे, दोरी तिला. मागून कधी नांगरू नये. लाट मागून आली की पाणी आत येतं.

उथळ जागी पोतीही लागत नाहीत. दोन बांबू, एक नाकाकडे, एक मागे, गाळात टोचायचे आणि ओढली की सुटणारी गाठ मारायची. बोट दोन्ही टोकांनी धरली की डोलत फिरत नाही आणि दोन तंगूस, म्हणजे गरीच्या दोऱ्या, एकमेकांत जात नाहीत. वारा वाढला की मागचा बांबू आधी सोडायचा, म्हणजे नाक वाऱ्याकडे वळतं. बांबूच्या कुसळांनी कापड खरवडू नये म्हणून हाताशी येणाऱ्या भागाला सायकलची ट्यूब गुंडाळली. इथे ती चालते, बोटीवर घासत नाही.

२ जानेवारी

काट्यांची व्यवस्था. बोटीतला मोठा शत्रू शिंगाडा नाही, तो बाहेर असतो. आतले दोन: मोकळी गरी, आणि शिंगाळा या माशाचे काटे. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि बाजूच्या परांना दातेरी काटा असतो, मासोळी तडफडली की तो कापडात आरपार जाऊ शकतो. म्हणून फळीखाली, मधल्या जागेत, जुन्या प्लास्टिकच्या क्रेटचा अर्धा तुकडा. मासोळी बोटीत आली की थेट क्रेटमधे, तळावर नाही. तळाच्या लाकडी पट्ट्यांवर पोत्याचा तुकडा.

गऱ्यांसाठी फळीच्या कडेला एसीच्या पाइपावरचा काळा फोम चिरून चिकटवला. वापरात नसलेली गरी फोममधे टोचलेली असली पाहिजे. हातजाळ्याची कडी पितळेची होती, टोकदार जोड घासून गोल केला आणि कापड गुंडाळलं.

११ जानेवारी

आज खरी परीक्षा. जवसाच्या ढेपेचा गोळा तळाला, एक रॉड. दुसऱ्याला मैद्याचा गोळा, मधल्या थरात बोयावर. पाळीपासून आत, दोन बांबूंच्या मधे.

दहाच्या सुमाराला तळाचा रॉड खाली गेला. हात न लावता आधी फळीकडे पाहिलं. पाइप जागचा हलला नाही. फळी त्या बाजूला किंचित दबली, उलट बाजूचे पट्टे ताणले, बस्स. ड्रॅग सुटला, तंगूस फिरला. मग रॉड उचलला. मृगळ, पाळीवरच्या काट्यावर दोन किलो दोनशे. क्रेटमधे गेली आणि तिथेच राहिली.

दुपारी रोहू एक, लहान, सोडली.

घरी आल्यावर चारही बुडांच्या कडा नखानं तपासल्या. कुठे उचललेलं नाही. एका ठोकळ्याखालची योगा मॅट मात्र ओली होऊन सरकली. तिथे ताडपत्रीचा बुडणारा तुकडा लावणार, खडबडीत बाजू खाली. फळीच्या बोल्टांपैकी एक नट सैल झाला होता, नायलॉनवाला असूनही. पुन्हा तपासायच्या यादीत.

१५ जानेवारी

काकाजी दोघांना घेऊन आले, संस्थेतलेच. फळी उलटी करून बोल्टांची डोकी पाहिली, पट्ट्यांचं बकल उघडून बंद केलं.

"बाबू, ट्यूबवर असी फरी जमन का? मोठी नको. जाळं भिजत राह्यते मांडीवर, तेवढं ठेवाले."

ट्रकच्या ट्यूबला कड्या चिकटवायची गरज नाही, पट्टा पूर्ण ट्यूबभोवती फिरवता येतो. आणि ती रबराची, म्हणजे गोंद लागलाच तर सायकलचं सोल्युशनही धरेल. ट्यूबचं जाडपण मोजलं, फुगल्यावर २४ सेंमी. फळी ४५ बाय ३०, उरलेल्या प्लायमधून दोन निघतात. ठोकळ्यांची त्रिज्या १२. तोंडाशी दोन इंची काठ, जाळं घसरू नये म्हणून, आणि पाणी निथळायला खाली भोकं.

वाढईकडे सागवान संपलं आहे, बाभळीचं चालेल का विचारायचं. पट्टे चार, प्रत्येकी दीड मीटर. शनिवारच्या बाजारात शिवायला टाकतो.